त्रिपुराच्या बाजूने : ‘फ्रीस्पेस’चे पूर्वचरित आणि उत्तरचरित

उत्तरकृती लिहावयास बसणाऱ्याची स्थिती मोठी अवघड असते. पहिल्या कृतीने वाचकाला जे दिले तेच पुन्हा द्यावे, तर शिळेपणाचा आरोप येतो; निराळे द्यावे, तर विश्वासघाताचा. विदर्भातील पद्मपुराच्या भवभूतीने या पेचातून जो मार्ग काढला, त्याहून चांगला मार्ग आपल्या वाङ्मयात मला दुसरा दिसत नाही. ‘महावीरचरिता’त त्याने रामाचा पराक्रम राज्याभिषेकापर्यंत नेऊन पोहोचविला आणि ‘उत्तररामचरिता’त त्याच विजयाची किंमत मोजावयास घेतली. तोच नायक, तेच राज्य. परंतु पहिल्या नाटकात जे मिळविले ते दुसऱ्यात गमावलेले. म्हणूनच भवभूतीचे नाव आज पहिल्या नाटकापेक्षा दुसऱ्यामुळे अधिक निघते.

हा दाखला येथे देण्याचे कारण वाचकांस थोडे चमत्कारिक वाटेल. मला लिहावयाचे आहे ते दोन संगणक-खेळांविषयी. अमेरिकेतील इलिनॉय संस्थानातल्या शँपेन या गावी ‘व्होलिशन’ नावाच्या संस्थेने १९९८ साली ‘डिसेंट : फ्रीस्पेस – द ग्रेट वॉर’ हा अवकाशयुद्धाचा खेळ रचला आणि लगेच पुढील वर्षी, १९९९ मध्ये, त्याचा उत्तरभाग ‘फ्रीस्पेस २’ काढला. दोहोंची प्रकाशक ‘इंटरप्ले’ ही कंपनी. वाङ्मयीन मासिकात अशा गोष्टीला जागा कशाला, असे विचारणाऱ्या वाचकास मी एवढेच सुचवीन की ज्या कृतीत कथानक आहे, निवेदक आहे, पात्रे आहेत आणि प्रेक्षकाला स्वतः एक भूमिका करावी लागते, ती कृती नाटकाच्या फार दूरची नव्हे. हाताशी जॉयस्टिक असली म्हणजे बुद्धी बाजूला ठेवावी लागते, असेही काही नाही.

प्रथम कथानक. पहिल्या खेळाचा काळ इसवी सन २३३५. पृथ्वीवासी आणि वासुदन या दोन जातींचे युद्ध चौदा वर्षे चालले आहे. कशासाठी चालले आहे, हे आता दोघांनाही धड सांगता येत नाही, इतके ते सवयीचे झाले आहे. अशात एक तिसरी जात अवतरते. तिची विमाने आपल्या यंत्रांवर ठरत नाहीत, त्यांच्यावर नेम धरता येत नाही, आणि अंदाजाने गोळी लागलीच तर ती त्यांच्या अदृश्य कवचावर विझून जाते. वैरी होते ते नाइलाजाने मित्र होतात. या नव्या शत्रूची ‘ल्युसिफर’ नावाची महाविनाशिका वासुदनांचा मूळ ग्रह जाळून टाकते. चार अब्ज जीव जातात. पुढे ती पृथ्वीकडे निघते. तिचे कवच ज्या एकाच ठिकाणी निकामी होते, त्या दोन ताऱ्यांमधील उपावकाशाच्या बोगद्यात तिला गाठून नष्ट करण्यात येते. मात्र त्या स्फोटाने बोगदाच कोसळतो, आणि पृथ्वीकडे जाण्याचा एकुलता मार्ग बंद होतो.

दुसरा खेळ बत्तीस वर्षांनी, २३६७ साली उघडतो. पृथ्वीवासी व वासुदन यांचे आता संयुक्त राज्य आहे. एकेन बॉश नावाच्या नौसेनापतीने वासुदनांचा द्वेष करणाऱ्यांना हाताशी धरून बंड पुकारले आहे. बंडाचा पाठलाग करता करता एक प्राचीन द्वार सापडते, द्वारापलीकडे एक तेजोमेघ लागतो, आणि तेजोमेघात तोच जुना शत्रू असतो.

या शत्रूचे नाव ‘शिवन’. संहारदेवतेवरून ते घेतले आहे हे उघडच आहे. अमेरिकेत बसून हे नाव योजणाऱ्यांनी तमिळ देशाचा विचार केला असण्याचे कारण नाही. परंतु मी राहतो त्या तंजावुरात ‘शिवन’ हे परग्रहावरील जातीचे नाव नसून खुद्द देवाचेच चालू बोलीतील नाव आहे. ‘शिवन कोविल’ म्हणजे शिवाचे देऊळ, हे भाजीवालीसही ठाऊक असते. ‘शिवनांचा नायनाट करा’ अशी आज्ञा कानावर पडली की येथे राहणाऱ्याला काय वाटत असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. दुसऱ्या खेळात तर या जातीच्या विनाशिकेस ‘रावण’, लहान युद्धनौकेस ‘राक्षस’ आणि एका लढाऊ विमानास ‘मार’ अशी नावे दिली आहेत. ल्युसिफर, मोलॉक, अस्मोदिअस यांच्या पंक्तीस रावण बसविताना खेळकर्त्यांनी जगातील सगळ्या सैतानांची एकच यादी केली असावी. गंमत अशी की चूक करता करता ते बरोबर ठिकाणी पोहोचले. शिवाच्या सैन्यात रावण असणे आपल्या पुराणांना मुळीच खटकणार नाही.

परंतु नावाचा विचार मला विनोदापाशी थांबवावासा वाटत नाही. राजराज चोळाने इसवी सन १०१० च्या सुमारास पुरा केलेल्या येथील बृहदीश्वराच्या मंदिरात शिवाचे एक रूप पुन्हापुन्हा भेटते, आणि ते नटराजाचे नव्हे. विमानाच्या वरच्या मजल्यावरील कोनाड्यांतून धनुर्धारी त्रिपुरांतक ओळीने उभा आहे. गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रे आहेत, त्यांतही त्रिपुरांतकाचे मोठे चित्र आहे. तेथे सर्वसामान्य यात्रेकरूस प्रवेश नसल्याने आपल्याला छायाचित्रांवरच समाधान मानावे लागते. त्रिपुराची कथा सर्वांस ठाऊक आहे. मयासुराने बांधलेली सोन्याची, रुप्याची व लोखंडाची तीन नगरे आकाशात फिरत असत. ती एका रेषेत आली त्या क्षणी शिवाने एकाच बाणाने तिन्ही जाळली. आकाशातील युद्धाची याहून भव्य कल्पना मला माहीत नाही. आणि त्या भित्तिचित्राची थोरवी अशी की चित्रकाराने केवळ जेता रंगविलेला नाही. समोर असुर आहेत, आणि त्यांना बिलगून भेदरलेल्या त्यांच्या स्त्रिया आहेत. जळणाऱ्यांचे चेहरे त्याने गाळले नाहीत.

‘फ्रीस्पेस’चे दोन्ही भाग म्हणजे त्रिपुरदहनाची कथा होय, फक्त ती त्रिपुराच्या बाजूने सांगितलेली आहे. आपण रथात नाही, नगरात आहोत. एकदा हे ध्यानात घेतले की दोन भागांतील खरा भेद स्पष्ट होतो.

पहिल्या भागात नगरवासी जिंकतात. बाण सुटण्याआधीच ते रथ फोडून टाकतात. खेळ म्हणून हे ठीक आहे, कारण खेळणाऱ्यास शेवटी विजय हवा असतो. परंतु संहारशक्तीला ‘शिव’ म्हणावयाचे आणि तिचा एकच नाजूक सांधा शोधून ती संपवावयाची, यात कल्पनेचा काहीसा कोतेपणा आहे. खेळकर्त्यांना तो जाणवला असावा. म्हणून त्यांनी पहिल्या भागात ‘प्राचीन’ नावाच्या एका नामशेष जातीचा आवाज अधूनमधून आणला आहे. हे लोक सहस्रावधी वर्षांपूर्वी तारकामंडळे जिंकीत चालले होते, आणि त्यांचाही शिवनांनीच संहार केला. त्यांची स्वगते या भागातील सर्वांत सुंदर लेखन होय, याविषयी दुमत होऊ नये. अखेरीस निवेदक सांगतो की शिवन आले नसते तर त्या प्राचीनांनी आपल्यालाच बाल्यावस्थेत चिरडले असते. तेव्हा संहारक तेच रक्षकही ठरले. विचार मोठा आहे. मात्र तो सांगून टाकलेला आहे. कीर्तनकाराने आख्यान संपण्यापूर्वीच तात्पर्य उरकून घ्यावे, तसे काहीसे होते.

दुसरा भाग हीच जागा बॉशला देतो. प्राचीनांच्या स्वगतांऐवजी येथे मोहिमांच्या मध्ये बॉशची स्वगते ऐकू येतात. परंतु प्राचीन मेलेले होते, त्यांना शेवट ठाऊक होता. बॉश जिवंत आहे आणि त्याला काहीच ठाऊक नाही. त्याचे बंड, त्याचा वासुदनद्वेष हा वरवरचा पडदा असून त्यामागे एकच वेडी इच्छा आहे : शिवनांशी बोलावयाचे. त्याने त्यासाठी यंत्र बनविले आहे, आणि ते चालते. तो संदेश पाठवितो, उत्तर येते, शिवन त्याच्या नौकेवर चढतात आणि त्याला घेऊन जातात. आपण तेथे पोहोचतो तेव्हा नौका निश्चल तरंगत असते. बॉशचे पुढे काय झाले, काय बोलणे झाले, झाले की नाही, हे खेळात कधीच कळत नाही. सबंध कथेत संहाराशी संवाद करू पाहणारा हा एकच मनुष्य, आणि तो राजद्रोही आहे. सहस्रावधी माणसांच्या प्राणांची किंमत देऊन त्याने तो संवाद विकत घेतला आहे. त्याला क्षमा करावी असे खेळ म्हणत नाही, आणि तो चुकला असेही म्हणत नाही. पहिल्या भागातील साऱ्या तत्त्वचिंतनापेक्षा हे मौन मला अधिक वजनदार वाटते.

शेवटही तसाच. संयुक्त राज्याने वीस वर्षे खपून ‘कोलोसस’ नावाची सुमारे सहा किलोमीटर लांबीची युद्धनौका बांधली आहे. पुन्हा ल्युसिफर आली तर असावी म्हणून. शिवनांची ‘सॅथनस’ ही महानौका येते तेव्हा कोलोसस तिला बुडविते, आणि क्षणभर वाटते की पहिल्याच भागाची पुनरावृत्ती होणार. मग कळते की सॅथनस एक नाही. ऐंशीहून अधिक आहेत. वीस वर्षांची तयारी गेल्या युद्धासाठी होती. कोलोसस फुटताना आपण दुरून पाहतो. त्या महानौका कॅपेला ताऱ्याभोवती जमतात आणि ताराच स्फोटाने उडवून देतात. कशासाठी, हे अखेरपर्यंत अज्ञात राहते. सेनापती पेट्रार्क शेवटी काही तर्क करतो, पण ते तर्क आहेत हे त्यालाही माहीत आहे. नगर जळाले, धनुर्धराच्या मनात काय होते हे नगरवासीयांना कळण्याचा मार्ग नाही. ‘संहार’ या शब्दास पहिल्या भागात केवळ धाक होता, त्यास येथे खोली येते.

आता खेळण्याच्या अंगाविषयी. पहिल्या भागातील मोठ्या नौका दिसावयास प्रचंड, पण तोफा दुबळ्या. बाँबफेकी विमानांची एक तुकडी त्यांचा सावकाश समाचार घेऊ शकते. दुसऱ्या भागात किरणतोफा आल्या. एका नौकेतून दुसऱ्या नौकेवर आरपार प्रकाशाची शलाका जाते आणि मधे सापडलेले लहान विमान, म्हणजे आपण, क्षणात नाहीसे होते. हा केवळ शस्त्रांतील फरक नाही. त्याने खेळणाऱ्याचे स्थान बदलते. पहिल्या भागात आपण योद्धे असतो, दुसऱ्यात थोरामोठ्यांच्या भांडणात वावरणारे जीव. तेजोमेघातील मोहिमा याहून सरस आहेत. काही शे मीटरांपलीकडे दिसत नाही, विजा चमकतात, यंत्रे मधूनच आंधळी होतात, आणि धुक्यातून एखादे अजस्र धूड हळूहळू आकार घेऊ लागते. चित्रपटांतूनही असे भय क्वचितच साधलेले मी पाहिले आहे.

आपल्यासारख्या वाचकांस आणखी एक गोष्ट विशेष रुचेल. दोन्ही भागांत खेळणाऱ्यास नाव नाही. तो ‘अल्फा वन’ एवढाच, म्हणजे पदनाम. मोहिमेपूर्वी सूचना मिळतात, मोहिमेत वरिष्ठांचा आवाज येतो, त्यानंतर दुसऱ्या ठिकाणी बदली होते. पहिल्या भागात हे केवळ सोयीसाठी होते. दुसऱ्या भागात त्याचा विषयच झाला आहे. गुप्त कामगिरीवर धाडलेल्या वैमानिकास कामगिरीचे कारण सांगितले जात नाही. बॉशला पकडावयाचे की जाऊ द्यावयाचे, याविषयी वरच्या आज्ञा बदलत राहतात, आणि कागद ज्याच्यापर्यंत आला त्याला त्याच्यावरील फक्त शेवटचा शेरा दिसतो. सरकारी नोकरीत ज्याने दहा वर्षे काढली आहेत त्याला या लेखनातील खरेपणा समजावून सांगावा लागणार नाही. खेळकर्त्यांनी वीरास फार थोडे सांगितले, आणि त्यामुळेच वीर खरा वाटतो.

दुसऱ्या भागातील उणिवाही लहान नाहीत. बंडाचा वृत्तांत पाल्हाळिक झाला आहे. पहिल्या तृतीयांशात नाव बदलले तर एक मोहीम दुसरीसारखीच वाटावी अशा तीनचार आहेत. त्याहून मोठा दोष वासुदनांच्या बाबतीत घडला. पहिल्या भागात चौदा वर्षांचे वैर विसरून शत्रूच्या शेजारी उभे राहावयाचे होते. कालपर्यंत ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांच्या निर्वासितांच्या नौका राखावयाच्या होत्या. शिवन हेच भाकितातले संहारक असे मानून त्यांना सामील झालेला वासुदनांचा एक पंथही तेथे आहे, म्हणजे त्या जातीलाही अंतर्गत कलह आहे, मन आहे. दुसऱ्या भागात वासुदन केवळ चांगले शेजारी होऊन बसले. ज्यांच्या द्वेषावर बॉशने बंड उभारले, त्यांना त्या द्वेषाविषयी काय वाटते, हे आपल्याला फारसे कोणी सांगत नाही. त्यांच्या नौकांना हात्शेप्सूत, सोबेक अशी मिसरी नावे दिली की त्यांची ओळख झाली, असा खेळकर्त्यांचा समज दिसतो. परभाषिकांमध्ये राहणाऱ्या मनुष्यास ही उणीव चटकन बोचते. शेजाऱ्याशी भांडण मिटले म्हणजे त्याच्याविषयीची जिज्ञासाही मिटावी काय?

आणि पहिल्या भेटीचे भय. ते दुसऱ्या भागास लाभणे शक्यच नव्हते. आपली गोळी लागत नाही, यंत्रावर शत्रू उमटत नाही, सूत्रधाराचा आवाज गोंधळलेला आहे, अशी जी पहिल्या भागातील पहिली भेट, तिच्या पुण्याईवर दुसऱ्या भागाचा अर्धा संसार चालतो. ‘शिवन’ हा शब्द दुसऱ्या भागात प्रथम उच्चारला जातो तेव्हा जो शहारा येतो, तो पहिल्या भागाने मिळवून ठेवलेला आहे.

पृथ्वीच्या बाबतीत मात्र उत्तरभागाने पूर्वभागाचे ऋण सव्याज फेडले. पहिल्या भागाच्या अखेरीस मार्ग तुटला, ही कलाटणी होती. दुसऱ्या भागात ती परिस्थिती आहे. बत्तीस वर्षांत एक पिढी अशी वाढली की जिला पृथ्वी केवळ नकाशात ठाऊक आहे. एकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तंजावर घेतले. त्यांच्याबरोबर व त्यांच्यामागून आलेल्या घराण्यांचे वंशज येथे आजही घरात आपली जुनी मराठी बोलतात. त्यांच्याशी बोलताना मला या पिढीची आठवण होते. अर्थात यांचा मार्ग तुटलेला नाही. आगगाडी रोज आहे. पण सगळेच अंतर आगगाडीने ओलांडता येत नाही, हे बदलीवर असलेल्या वाचकांस निराळे सांगावयास नको. प्राचीनांच्या द्वारावरून शिकून पृथ्वीचा मार्ग पुन्हा उघडता येईल, ही आशा दुसऱ्या भागाच्या शेवटी पेट्रार्क बोलून दाखवितो. कॅपेला जळाल्यानंतरचे हे वाक्य आहे, म्हणून ते गोड वाटत नाही, जड वाटते.

ती आशा खेळकर्त्यांना पुरी करता आली नाही. समीक्षकांनी नावाजूनही ‘फ्रीस्पेस २’ बाजारात फारसा खपला नाही. २००० साली व्होलिशन ‘टीएचक्यू’ या कंपनीकडे गेली आणि तिसरा भाग निघालाच नाही. २००२ मध्ये व्होलिशनने खेळाची मूळ आज्ञावली विनामूल्य वापरासाठी खुली केली, तेव्हापासून जगभरच्या हौशी मंडळींनी ती सुधारीत आणली आहे. खेळाचे हक्क २०१३ साली टीएचक्यूच्या दिवाळखोरीच्या लिलावात इंटरप्लेकडे परतले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये व्होलिशन बंद पडली. संस्था गेली, कृती मात्र वाचकांनी जिवंत ठेवली. हस्तलिखितांच्या बाबतीत असे पूर्वी नेहमीच घडत असे.

याच हौशी मंडळींनी पहिल्या भागाच्या साऱ्या मोहिमा दुसऱ्या भागाच्या यंत्रात बसविल्या आहेत. मी प्रथम दुसरा भाग खेळलो आणि मग पहिला, तोही या नव्या वेषात. बृहदीश्वराच्या प्रदक्षिणामार्गात नायक राजांच्या काळी चोळ चित्रांवर नवी चित्रे काढली गेली होती. १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांना वरच्या थराखाली जुनी रेषा दिसली. तेथे खालचे चित्र पाहण्यासाठी वरचे दूर करावे लागले. येथे उलट, वरच्याच रंगांनी खालचे चित्र पुन्हा भरले आहे. नौका देखण्या झाल्या आहेत, प्रकाश नवा आहे. परंतु जुन्या खेळात शत्रूच्या ओबडधोबड काळ्या आकृतीमुळे जे गूढ होते, ते या सफाईत थोडे विरळ होते.

ज्यांना दोन्ही भाग पाहावयाचे असतील त्यांनी म्हणून पहिला पहिलाच घ्यावा, आणि शक्यतो त्याच्या १९९८ च्या जुन्या रूपात. दुसऱ्याच्या शेवटच्या मोहिमेपर्यंत पोहोचल्यावर मात्र घाई करू नये. निर्वासितांची जहाजे एकामागून एक द्वाराकडे निघालेली असतात आणि पाठीमागे तारा फुटण्याच्या बेतात असतो. द्वारातून निसटून जाण्याची आज्ञा येते. पाळली तर वैमानिक वाचतो. न पाळता शेवटच्या जहाजांबरोबर मागे राहिला तर जळतो, आणि पेट्रार्कचे समारोपाचे शब्द त्याप्रमाणे बदलतात. मी दोन्ही ऐकले आहेत. दुसरे अधिक चांगले लिहिले आहेत.